मनूस पत्र, गुरुवारच्या प्रेझेंटेशनआधी

चिपळूण,
रविवार, रात्री साडेदहा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

मघाशी फोनवर तू घाईत होतीस आणि आई शेजारीच बसली होती, म्हणून मी फारसं बोललो नाही. दादा उद्या रात्रीच्या गाडीने पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. मेसेज तू मीटिंग चालू असताना अर्धा वाचतेस आणि अंगठा पाठवून मोकळी होतेस. हे बसून वाच.

"बाबा, जादू आहे ती गोळी," असं तू म्हणालीस. टीममधल्या मैत्रिणीने दिली, प्रेझेंटेशनच्या तासभर आधी घ्यायची, की छातीतली धडधड थांबते आणि आवाज कापत नाही. मी नाव विचारलं, तू स्ट्रिपवरचं वाचून दाखवलंस. प्रोप्रानोलॉल. त्यानंतर तू जे काही सांगितलंस ते माझ्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

मनू, तुला दमा आहे. दमा असलेल्या माणसाने ही गोळी घ्यायची नसते. कारण एकदाच सांगतो आणि मग हा विषय सोडतो.

आपण घाबरलो की अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते हृदयावरच्या ठरावीक जागी जाऊन धडधड वाढवतं. ही गोळी त्या जागा आधीच अडवून ठेवते. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ती छातीत दुखणाऱ्या हृदयरोग्यांसाठी तयार केली. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. औषध चांगलंच आहे. अर्धशिशीवर, हातांच्या कंपावर, रक्तदाबावर डॉक्टर ते देतात, माझ्या काउंटरवरून कितीतरी घरांत ते जातं. पण ते हृदयापाशी थांबत नाही. तशाच जागा श्वासनलिकांमध्येही असतात, त्याही ते अडवतं. मग नळ्या आवळू शकतात. आणि तुझा निळा पंप नेमका त्याच जागांवर काम करतो. म्हणजे गोळी पोटात असताना दम लागला तर पंपाचाही हवा तसा उपयोग होणार नाही. "दोनदा घेतली, काही झालं नाही," हे तू म्हणालीस ते खरं असेल. त्या दोन दिवशी तुला सर्दी नव्हती, शेजारच्या फ्लॅटमध्ये रंगकाम चालू नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

झालं. आता दुसरं.

तुझ्या बढतीबद्दल मी फोनवर "छान" एवढंच म्हणालो. ते पुरेसं नव्हतं. आईने त्याच संध्याकाळी पेढे आणले आणि खालच्या मजल्यापासून खेर्डीच्या आत्यापर्यंत सगळ्यांना पोचवले. दुकानात डॉक्टर आले होते, त्यांना मी स्वतःहून सांगितलं की मनू आता टीमची लीड झाली, अमेरिकेतल्या क्लायंटशी ती बोलते. अप्पा असते तर त्यांनी देवघरात जाऊन आधी घंटा वाजवली असती.

लीड झालीस म्हणून बोलणं आलं, हे मला समजतं. आधी आकडे तू मांडायचीस आणि सांगायचा दुसराच कुणी. आता दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी साडेसहाला तूच स्क्रीन शेअर करायची आणि समोर वीसेक काळ्या चौकोनांत नुसती नावं. कुणी मान हलवत नाही, कुणी "बरं" म्हणत नाही. आमच्या केमिस्ट संघटनेच्या सभाही लॉकडाऊनमध्ये अशाच व्हायच्या. आपलं वाक्य संपलं आणि पलीकडून काहीच आलं नाही, की ते आपल्याला नापसंतीसारखं वाटतं. प्रत्यक्षात तो माणूस म्यूटचं बटण शोधत असतो, नाहीतर जेवत असतो. तू त्या शांततेत स्वतःच्या मनाने वाक्यं भरतेस. "यांना पटलं नाही, यांना माझं इंग्रजी कळलं नाही." लहानपणी मी दुकानातून उशिरा आलो की तू असंच काहीतरी भरायचीस आणि दारात उभी राहून रडायचीस.

आता एक प्रश्न विचारतो, त्याचं खरं उत्तर दे. प्रेझेंटेशनच्या आधी तू पंप घेतेस का? दम लागलेला नसताना, नुसता आधार म्हणून?

मला शंका आली ती तू वर्णन केलंस त्यावरून. हात थरथरतात, माउस धरवत नाही, छाती धडधडते. मनू, पंपातल्या सालब्युटामॉलने हेच होतं. चौथीत स्कॉलरशिपच्या सराव परीक्षेच्या आदल्या रात्री तुला जोराचा दमा आला होता, आठवतं? श्रावणातला पाऊस, घरभर ओल, वीज गेलेली. तू पलंगाच्या कडेला बसून गुडघ्यांवर हात रोवले होतेस, खांदे वर-खाली होत होते आणि बोलायला गेलीस की दोन शब्दांवर श्वास संपायचा. मी पंपाला जोडायची ती नळी, स्पेसर, तुझ्या तोंडाला लावून धरला आणि तुझे श्वास मोजत बसलो. पहाटे डॉक्टरांना उठवून वाफ दिली तेव्हा कुठे तुझ्या ओठांचा रंग परत आला. सकाळी तू हट्टाने पेन्सिल घेऊन बसलीस आणि तुझी अक्षरं सगळी वाकडी. "बाबा, माझे हात का नाचतायत?" मी सांगितलं, पंपामुळे, दुपारपर्यंत थांबेल. तू "बरं" म्हणून त्याच नाचऱ्या हाताने गणितं सोडवलीस. आई बाहेर येऊन माझ्यावर चिडली, की अशा मुलीला पेन्सिल का दिलीस. मी दिली नव्हती, तू घेतली होतीस.

तर सांगायचं हे, की तू घाबरून दोनदा पंप मारत असशील, त्याने हात थरथरत असतील, ती थरथर म्हणजे भीती असं समजून तू आणखी घाबरत असशील आणि मग ती थांबवायला ती गोळी. एक औषध जिथे काम करतं तिथेच दुसऱ्याने कुलूप लावायचं. असंच होतंय असं मी ठामपणे म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण हे तुझ्या छातीच्या डॉक्टरांना उद्याच्या उद्या विचार. आणि याचा अर्थ पंप सोड असा घेऊ नकोस. दम लागला तर पंप घ्यायचाच, तिथे कसला विचार करायचा नाही.

मी विषय सोडतो म्हणालो होतो आणि परत तिथेच आलो. माफ कर. पण इतकी वर्षं काउंटरवर उभा आहे. तोंडी परीक्षेआधी, इंटरव्ह्यूआधी मुलं येतात, मोबाइलवर नाव दाखवतात, "काका, एकच द्या." स्ट्रिपवरची लाल रेघ दाखवून मी त्यांना परत पाठवतो. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. दोन दुकानं पुढे जाऊन ती कदाचित घेतही असतील, पण माझ्या हातून नाही. आणि तुला ती मैत्रिणीच्या पर्समधून मिळाली. ती मुलगी वाईट नाही, तिने प्रेमानेच दिली असेल. तिलाही सांग, की रोज घेत असशील तर एकदम थांबवू नकोस, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर. तू दोनदाच घेतली आहेस, तुला सोडायला काही अडचण नाही.

आता जे करता येईल ते लिहितो. तुला यातलं निम्मं ठाऊक असेल.

स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसत असतो ना, तो लपव. तशी सोय असते, इतरांना तू दिसतच राहतेस. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ मीटिंगच्या थकव्यावर लेख लिहिला होता, त्यात एक कारण हेच होतं की माणूस सतत स्वतःलाच बघत बसतो. आपण गावात कुणाशी बोलताना कधी हातात आरसा धरत नाही. तू बोलता बोलता स्वतःचे ओठ बघणार, केस बघणार आणि मुद्दा विसरणार.

शक्य असेल तर उभी राहून बोल. लॅपटॉपखाली ते जाडजूड पुस्तकांचे गठ्ठे ठेव, एवीतेवी वाचत नाहीसच. दम्याच्या माणसाला वाकून बसल्यावर छाती पुरी भरता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. बोलायला सुरुवात करण्याआधी श्वास सोडताना जास्त वेळ घे, ओठ जरा आवळून, तुला डॉक्टरांनी शिकवला होता तसा. तो व्यायाम दम्यासाठी शिकवला असला तरी धडधडीलाही चालतो. पहिली दोन वाक्यं पाठ असू देत, फक्त दोन. सगळं पाठ केलंस तर एक शब्द निसटला की सगळंच निसटेल. कोमट पाणी हाताशी ठेव. कॉफी नको, ती धडधड आणखी वाढवते आणि तू चारनंतर दोन कप पितेस हे दादाने सांगितलंय. उपाशीपोटी तर मुळीच बसू नकोस. साडेसहा ही काय भुकेची वेळ नाही? आईच्या भाषेत सांगायचं तर काहीतरी तोंडात टाक. आणि टीममधल्या एका माणसाला आधीच सांगून ठेव, की तुझा कॅमेरा चालू ठेव आणि मी बोलताना मान हलव. लाज वाटायचं कारण नाही. तीच मैत्रीण हे करू शकेल, गोळीपेक्षा हे तिच्याकडून माग.

हे वाचताना तुझा चेहरा कसा होत असेल ते कळतंय मला. बाबांचं भाषण सुरू झालं. चुलत्यांसारखं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, "आमच्या वेळी" वगैरे. ते मी काहीही म्हणणार नाही. तुझं काम मला येत नाही, तू ते कसं करावंस हे सांगायचा मला अधिकार नाही. मला येतं ते औषधांचं.

पण एक गोष्ट मी पाहिली आहे ती सांगतो, कारण तू ती विसरलीस असं मला वाटतं. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आपलं दुकान पुरतं बुडालं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर फ्रिज आडवा, इन्सुलिनचे खोके चिखलात, सगळ्या गोळ्यांचा लगदा. विम्याचा सर्व्हेअर आला आणि म्हणाला, बिलं भिजली, स्टॉक किती होता याला पुरावा काय? माझ्या तोंडून शब्द फुटेना. दादा गाळ काढत होता. तू घरून काम करत होतीस म्हणून इथेच होतीस. तू गुडघाभर चिखलात उभी राहून त्या माणसाला होलसेलरकडून मेलवर आलेली बिलं एकेक करून दाखवलीस, बॅच नंबर वाचलेस, कुठला माल कुठल्या फळीवर होता ते सांगितलंस. तोंडाला दोन मास्क, बुरशीचा वास, तुझी छाती घरघरत होती ती मला शेजारी उभं राहून ऐकू येत होती. तुझ्या हातातला कागद हलत होता. सर्व्हेअर त्याकडे बघत नव्हता. तो आकडे लिहून घेत होता. दुकान परत उभं राहिलं त्यात त्या तासाभराचा वाटा किती आहे, हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही.

रात्री मी तुझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा तू झोपेत "बॅच नंबर" म्हणालीस. आई हसली आणि मग रडली.

म्हणून घाबरतेस याची मला काळजी नाही. घाबरून तू काम करतेस हे मला माहीत आहे. काळजी त्या एका स्ट्रिपची आहे, आणि तू पुण्यात एकटी राहतेस याची. रात्री साडेसातला मीटिंग संपली आणि आठला श्वास अडकला तर शेजारी कोण आहे? त्या वरच्या काकूंचा नंबर दादाकडे दे. तुला वाटेल बाबा उगाच वाढवतायत. वाढवतोय. तुझ्या बाबतीत मला कमी करता येत नाही.

दादाबरोबर नवा पंप आणि स्पेसर पाठवतोय. जुना पंप तपास, तो गेल्या दिवाळीतला आहे, त्यावरची तारीख बघ. कोकम आगळाची बाटली आईची, ती उभीच ठेव. ती स्ट्रिप दादाकडे दे. तो काही विचारणार नाही, मी त्याला सांगून ठेवलंय.

बुधवारी रात्री मी दुकान जरा लवकर बंद करतो. नऊ वाजता तू आम्हाला व्हिडिओ कॉल कर आणि गुरुवारचं सगळं प्रेझेंटेशन आम्हाला दे, इंग्रजीत, स्क्रीन शेअर करून, अगदी तिकडच्या लोकांना देतेस तसं. मी आणि आई कॅमेरा बंद ठेवू, म्यूट करू आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलणार नाही. तुला त्या शांततेतच बोलायची सवय करायची आहे ना, मग ती आमच्याकडूनच होऊ दे. आईला मध्येच "छान" म्हणावंसं वाटेल, तिला मी अडवतो. शेवटी मी दोन प्रश्न विचारीन. एक मला खरंच न कळलेला असेल आणि एक मुद्दाम तिरका.

डॉक्टरांशी बोलणं झालं की मला फोन कर. मी दुकानात असलो तरी उचलीन.

तुझे,
बाबा

ता. क. आई विचारतेय, साडेसहाच्या आधी खायला लाडू पाठवू की चिवडा? चिवड्याने घसा खवखवेल असं मी म्हटलं, तेव्हा लाडूच येतायत.