टेम्पेलहोफ चुकवू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. लेकीकडे बर्लिनला दोन महिने राहणार हे वाचून फार आनंद झाला. 'भिंत सोडून तिथं काय बघू?' असं विचारलंयस. भिंतीचे उरलेले तुकडे सगळेच बघतात, तूही बघशील. पण ती १९६१ ची. त्याच्या तेरा वर्षं आधी, बंदुकीची गोळीही न झाडता, त्याच शहरासाठी अमेरिका आणि रशिया समोरासमोर उभे ठाकले होते. ती जागा म्हणजे टेम्पेलहोफ विमानतळ. आता तिथं विमानं उतरत नाहीत, मैदान लोकांना मोकळं आहे. निदान एक अख्खी सकाळ त्याच्यासाठी ठेव.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा बर्लिन अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या चौघांत वाटलं गेलं, पण शहराच्या चहूबाजूंचा मुलूख रशियाच्या ताब्यात. जून १९४८ मध्ये पाश्चात्त्यांनी आपल्या भागात नवं चलन आणलं आणि स्टालिननं पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं अडवलं. वीसेक लाख माणसं कोंडली गेली. रशियाची भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. ज्या जर्मनीनं रशियाचे दोन कोटींहून जास्त लोक मारले, ती पुन्हा उभी राहतेय हे त्यांना कसं सोसवावं? पण त्यासाठी पोराबाळांच्या तोंडचा घास आणि चुलीतला कोळसा तोडायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता यातली खरी गंमत ऐक. रस्त्याच्या हक्काबद्दल पाश्चात्त्यांकडे धड लेखी करार नव्हता. विमानांसाठी मात्र होता: नोव्हेंबर १९४५ मध्ये ठरलेले तीन हवाई मार्ग, प्रत्येकी वीस मैल रुंद. त्यात आलेलं विमान पाडायचं तर युद्धच पुकारावं लागलं असतं, आणि ते स्टालिनलाही नको होतं. म्हणून सगळा माल विमानानंच टेम्पेलहोफसारख्या विमानतळांवर पोचवायचं ठरलं. एवढ्या तीन पट्ट्यांवर सगळं शहर तगलं.

शहराला रोज किमान साडेचार हजार टन माल लागणार, आणि सुरुवातीची डकोटा विमानं एका खेपेत तीन-साडेतीन टन नेणारी. पहिले काही आठवडे नुसता गोंधळ होता. मग विल्यम टनर नावाचा अमेरिकन हवाई दलाचा अधिकारी आला. हा माणूस आपल्या आसामातल्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवणारी मोहीम सांभाळून आलेला. १३ ऑगस्टला तो स्वतः बर्लिनला निघाला, तर ढग आणि पाऊस. खाली एक विमान धावपट्टीपुढे जाऊन पेटलेलं, आणि वर बाकीची विमानं एकावर एक घिरट्या घालतायत. त्यानं हवेतूनच हुकूम दिला की वर अडकलेली सगळी विमानं माघारी पाठवा. पुढे तोच नियम झाला. उतरणं एकदा हुकलं की पुन्हा प्रयत्न नाही, मालासकट थेट परत. जाण्याचे मार्ग दोन, परतीचा मधला एक, म्हणजे समोरून कोणी येणारच नाही. वैमानिकानं विमान सोडायचं नाही. हवामानाचा कागद आणि चहा-कॉफी गाडीतून त्याच्यापाशी येणार. तोवर जर्मन कामगार पोती उतरवून घेणार. गर्दीच्या वेळी तीन-तीन मिनिटांनी विमान, आपल्या लोकलसारखं! त्यात बरीचशी पोती कोळशाची. ब्रिटिशांनी तर मिठासाठी समुद्री विमानं हाफेल तळ्यावर उतरवली, कारण त्यांना मिठानं गंज धरत नसे.

तिथल्या माणसांचा विचार कर. दिवसातून काही तासच वीज, जेवणात बटाट्याची भुकटी, सरपणासाठी बागांतली झाडं तोडलेली. रशियन भागात नाव नोंदवा, शिधा देतो, असं सांगितलं गेलं. फार थोडे गेले. उरलेल्यांनी, त्यात बायकाच जास्त, पडक्या इमारतींच्या विटा-दगडांवर शहरातल्याच तेगेलची नवी धावपट्टी तीन महिन्यांत उभी केली.

गेल हॅल्व्हर्सन या वैमानिकाची हकीकत तुझ्या नातवंडांना जरूर सांग. टेम्पेलहोफच्या कुंपणापलीकडे मुलं उभी होती. कुणीही हात पसरला नाही, हे त्याला लागलं. खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या होत्या, त्या त्यानं दिल्या. मुलांनी तुकडे करून वाटल्या. ज्यांना मिळालं नाही त्यांनी वेष्टनाचे कपटे घेऊन नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानं पंख हलवून खूण केली आणि रुमालांच्या छत्र्या बांधून चॉकलेटं सोडली. तीन वर्षांपूर्वी त्याच आकाशातून बॉम्ब पडत होते, सुधाकर! हे वाचताना आजही माझा गळा दाटतो.

मे १९४९ मध्ये रशियानं नाकेबंदी उठवली. विमानं सप्टेंबरपर्यंत चालूच होती. एकूण तेवीस लाख टनांवर माल गेला. तोवर नाटो जन्मली होती आणि वर्षअखेर जर्मनीचे दोन देश झाले, म्हणजे भांडण मिटलं नाहीच. तरी शीतयुद्धाचा विषय निघाला की सगळे अणुबाँब आणि हेरच काढतात, याची मला चीड येते. त्या वर्षी दोन महासत्तांमधला निकाल कोळशाच्या पोत्यांनी आणि वेळापत्रकानं लावला, आणि माझ्या मते तीच या सगळ्या चढाओढीतली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

भुयारी रेल्वेची सहा नंबरची गाडी पकड, 'प्लाट्स डेर लुफ्टब्र्युके' स्टेशनला उतर. बाहेर आलास की वर वाकलेल्या तीन पाकळ्यांचं स्मारक दिसेल, तीन हवाई मार्गांचं. या मोहिमेत शंभराच्या आसपास माणसं गेली, त्यातल्या वैमानिकांची नावं पायथ्याशी कोरलेली आहेत. ती नीट वाच, घाई करू नकोस. नावांचे फोटो काढून पाठवशील का? मला ती एकदा सावकाश वाचायची आहेत.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. गुडघ्याचं औषध बरोबर घे.

तुझा,
वसंत