पहाटेचा पाऊण तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मेडिकलचं फर्स्ट इयर संपेपर्यंत गाण्याचा क्लास बंद ठेवू का?" घाईघाईत हो-नाही म्हणण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र. उत्तर आधीच सांगते. क्लास आठवड्यातून दोनदा आहे तो एकदाच ठेव, गाणं शिकवणाऱ्या ताईंना तसं स्पष्ट सांग. रियाज मात्र बंद करू नकोस.

वर्षभर न गायल्याने राग विसरत नाही. बंदिश दोन दिवसांत परत येते. जातो तो दमसास, मंद्रातला म्हणजे खालच्या सप्तकातला ठेहराव आणि तार म्हणजे वरच्या सप्तकातली सहजता. या तिन्ही गोष्टी स्नायूंच्या आहेत आणि त्या परत मिळवायला महिने लागतात. म्हणजे वेळ कमी असेल तेव्हा ख्याल कमी कर, खर्ज म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज नाही. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. मिळालेल्या अर्ध्या तासात थेट द्रुत बंदिश आणि ताना घेतात, कारण त्यात मजा येते. गळा न तापवता, दिवसभर बोलून थकलेला असताना घेतलेली तान म्हणजे मुरगळलेल्या पायाने पळणं.

वेळ पहाटेची ठेव, साडेपाच ते सव्वासहा. ब्राह्ममुहूर्त वगैरे जाऊ दे, कारण साधं आहे. दिवसभर तू डिसेक्शन हॉलमध्ये असशील, मेसच्या गोंगाटात बोलशील, संध्याकाळपर्यंत घशातल्या स्वरपट्ट्या थोड्या सुजलेल्याच असतील. पण उठल्या उठल्याही गळा तयार नसतो, रात्रभराच्या कोरडेपणाने आणि आडवं राहिल्याने तो जड झालेला असतो. म्हणून पाच वाजता ऊठ, पेलाभर कोमट पाणी पी, आवर, आणि अर्ध्या तासाने बस.

पंचेचाळीस मिनिटं अशी वाट: पहिली 5 मिनिटं ओठ मिटून गुंजन, मध्येच ओठ फडफडवत सा ते प आणि परत. वसतिगृहात सगळे झोपलेले असताना हे सोयीचंही आहे. मग 15 मिनिटं खर्ज. मग 10 मिनिटं एकच अलंकार, म्हणजे स्वरांचा ठरावीक पलटा, नुसत्या 'आ'मध्ये, एकाच लयीत. उरलेली 15 मिनिटं राग. घड्याळ समोर ठेव आणि सव्वासहाला थांब, कितीही रंगलं तरी.

खर्जाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण चूक तिथेच होते. तुझा सा पांढरी सहाचा, म्हणजे पेटीवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा. मध्य सा लाव आणि एकेक स्वर खाली ये: नि, ध, प. प्रत्येक स्वर एका श्वासात, जितका सहज टिकेल तितका. मंद्र पंचमावर आवाज खरखरला की एक स्वर वर ये आणि तिथेच थांब. त्याखाली ओढत नेण्यात काही पुरुषार्थ नाही. मंद्रात आवाज मोठा होत नाही, तसा करायलाही जाऊ नये. हनुवटी खाली गेली किंवा जिभेचं मूळ दाबलं गेलं की आवाज भारदस्त वाटतो खरा, पण ती दाबून केलेली बतावणी असते. आरशासमोर बसलीस तर लगेच दिसेल. श्वास किती टिकला ते रोज सेकंदांत लिहून ठेव. तुझ्यासारख्या गाणाऱ्या मुलीचा सा 15 सेकंदांपुढे सहज जायला हवा. 10 च्या आत आला तर त्या दिवशी गळा थकलेला आहे, तेव्हा राग सोडून दे.

आता हा हिशेब बघ, फिजिऑलॉजी शिकते आहेस म्हणून. पांढरी सहाचा मध्य सा म्हणजे सेकंदाला 220 कंपनं. स्वरपट्ट्या तेवढ्या वेळा एकमेकींवर आपटतात. एक मिनिट सलग सा लावला की 13,200 वेळा. तार सा लावलास की याच्या दुप्पट. आपटण्याचा जोर सगळ्यात जास्त पडतो तो पट्टीच्या पुढचा एक तृतीयांश आणि मागचा दोन तृतीयांश भाग जिथे मिळतो तिथे, आणि गाठी होतात त्याही तिथेच. सुरुवातीला ती मऊ सूज असते, विश्रांतीने जाते. तशीच गात राहिलीस तर घट्ट होते.

म्हणून दर रविवारी सकाळी दोन चाचण्या कर, मिळून तीन मिनिटं लागतात. पहिली: खोल श्वास घेऊन नुसता सऽऽ काढ, सापासारखा, आणि वेळ मोज. मग पुन्हा तेवढाच खोल श्वास घेऊन माशीसारखा झऽऽ. निरोगी गळ्यात दोन्ही जवळजवळ सारखे टिकतात. स हा झ च्या दीडपटीकडे झुकायला लागला तर पट्ट्या नीट मिटत नाहीत, हवा गळते आहे. दुसरी चाचणी जास्त चोख आहे. तार सप्तकात, तार ग-मच्या आसपास, अगदी बारीक आवाजात, बाळ झोपलंय असं समजून, एखादी छोटी ओळ म्हण. मोठ्याने गाताना सूज झाकली जाते, बारीक आवाजात ती उघडी पडते: स्वर लागायला क्षणभर उशीर होतो, आधी नुसती हवा येते, मग आवाज. असं झालं तर दोन दिवस फक्त गुंजन. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर मात्र काढे आणि ज्येष्ठमध पुरे, तुमच्याच रुग्णालयातल्या ईएनटी ओपीडीत दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घे. न बघता कुणी दिलेलं औषध घेऊ नकोस.

डिसेक्शन हॉलबद्दल. प्रेतं टिकवायच्या फॉर्मालिनने डोळे आणि नाक चुरचुरतं, तसाच घसाही. तू एन-95 मास्क घेतलास म्हणालीस, पण तो धूळकण अडवतो, फॉर्मालिनची वाफ त्यातून आत येते. खिडकीजवळचं टेबल मिळतंय का बघ, अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेर ये, आणि सुटल्यावर नाक-घसा साध्या पाण्याने धू. त्यानंतर दोनेक तास गाऊ नकोस. ताईंचा क्लास डिसेक्शनच्या दिवशी येत असेल तर वार बदलून घे.

मेस आठ-साडेआठला आणि झोप अकराला, हे त्यातल्या त्यात बरं. बारा वाजता मॅगी खाऊन आडवी झालीस तर पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला लागतं. छातीत जळजळ होतेच असं नाही. सकाळी घसा साफ करावासा वाटणं, काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, एवढंच लक्षण. आणि "खँ खँ" करून घसा साफ करणं हीदेखील आपटाआपटीच आहे. त्याऐवजी घोटभर पाणी गीळ. सर्दीच्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, त्या दिवसांत पाणी वाढव. डोकेदुखीला अ‍ॅस्पिरिन गाणाऱ्याने टाळावं, स्वरपट्टीत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पाळीच्या आधीचे दोन दिवस तार सप्तक सोडून दे, तेव्हा पट्ट्यांना सूज असते. वाफ घ्यायची ती साध्या पाण्याची, त्यात बाम टाकू नकोस. आणि आवाज बसला म्हणून कुजबुजून बोलू नकोस, त्याने ताण आणखी वाढतो. एकतर हळू बोल, नाहीतर गप्प बस. तुला दुसरं कठीण आहे, माहीत आहे.

तानपुऱ्याचं अ‍ॅप चालेल, पण दोन्ही कानांत इअरफोन घालून गाऊ नकोस. आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नाही आणि नकळत जोर वाढतो. एक कान मोकळा ठेव. सुट्टीच्या दिवशी मात्र ताईंकडे जाऊन खऱ्या तानपुऱ्यावर बस. मिरजेत राहून अ‍ॅपवरच गायलीस तर तानपुरे-सतारी घडवणाऱ्या सतारमेकर गल्लीचा अपमान आहे. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा केसभर सरकवल्यावर तार कशी बोलायला लागते ते तिथे बसून एकदा ऐक.

राग निवडताना तुझ्या वेळापत्रकाकडे बघ. रोजचा रियाज पहाटेचा असेल तर यमन-बिहागसारखे रात्रीचे राग घासत बसण्यात अर्थ नाही. येते तीन महिने एकटा भैरव घे, तो पहाटेचाच राग. त्यातला आंदोलित, म्हणजे हळू झुलता, रे आणि ध नीट लागायलाच महिना जाईल. शिवाय भैरव संथपणे गाता येतो, गळ्याला दमवत नाही. नवीन राग हवाच असेल तर दिवाळीनंतर तोडी, ताई हो म्हणाल्या तर.

विलंबित एकताल चालता चालता पक्का कर. बारा मात्रा, प्रत्येक मात्रेला चार पावलं, म्हणजे 48 पावलांनी एक आवर्तन संपून पुन्हा सम, म्हणजे पहिली मात्रा. वसतिगृहापासून कॉलेजपर्यंत किती आवर्तनं होतात ते मोज आणि मनातल्या मनात बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, समेवर आण. याला गळा लागत नाही, वेळही वेगळा लागत नाही. पुढेमागे तबलजी आवर्तन लांबवेल तेव्हा हेच कामाला येईल.

अभ्यासाचं तू बघशीलच, त्यात मी फार बोलत नाही. फक्त हजेरीचा हिशेब तोंडपाठ ठेव: लेक्चरला 75 टक्के, प्रात्यक्षिकांना 80. याच्या खाली गेलीस तर परीक्षेलाच बसता येत नाही, आणि मग दोष गाण्यावर येईल. विद्यापीठाच्या परीक्षेआधीचे सहा आठवडे क्लास पूर्ण बंद, रियाज 20 मिनिटांवर, नुसतं गुंजन आणि खर्ज. गाण्याची विशारद प्रथमची परीक्षा या वर्षी देऊ नकोस. गांधर्व महाविद्यालय मंडळाची सत्रं वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. सेकंड इयरचं वेळापत्रक हातात आल्यावर त्यातलं एक धर.

गॅदरिंगला गायला बोलावतील. गा, पण तालमी दोनच. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, नसलेल्या हॉलमध्ये ड्रम आणि कीबोर्डच्या वर आवाज काढत रोज तीन तास तालीम केलीस, तर महिन्याच्या रियाजाची कमाई आठवड्यात जाईल.

आणि मान डिसेक्ट करायला घ्याल तेव्हा जरा रेंगाळ. सगळी मुलं स्वरयंत्राची रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह पाठ करतात, डावी महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर येते वगैरे. व्हायवात तीच विचारतात. तू स्वरयंत्राच्या दुसऱ्या नसेची, सुपीरियर लॅरिंजियलची, बाहेरची बारीक शाखा शोध. ती क्रायकोथायरॉइड स्नायूला जाते, तो स्नायू स्वरपट्टी ताणतो, आणि तार सा लागतो तो त्याच्या जोरावर. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत ही शाखा दुखावली तर माणूस बोलतो व्यवस्थित, पण वरचे स्वर जातात. बोलण्यात दोष फारसा दिसत नसल्याने ते सहसा कळतही नाही, रुग्ण गाणारा असेल तर मात्र कळतं.

"एकच काहीतरी निवड" असं तुला आत्तापासून लोक म्हणतात, ते सोडून दे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, 1969 मध्ये पूर्ण वेळ नाटकात आले. डॉ. मोहन आगाशे नाटक-सिनेमा करत राहिले आणि मानसोपचारही सोडला नाही. अश्विनी भिडे-देशपांडे बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करून गाण्यात राहिल्या. तिघांच्या वाटा तीन, आणि अठराव्या वर्षी यातली एकही ठरवायची गरज नाही. तुझ्याच मिरजेचं घे. दारूकामात डोळ्यांना इजा झालेला मुलगा उपचारासाठी मिरजेत आला, तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला, आणि पुढे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर.

खरी अडचण फर्स्ट इयरला येत नाही, इंटर्नशिपला येते. चोवीस तासांच्या ड्युट्या, कॅज्युअल्टीत ओरडून बोलणं, अवेळी चहा. तेव्हा रोजचा पहाटेचा नियम मोडणारच. त्या वर्षासाठी नियम वेगळा: रात्रपाळीनंतरच्या दिवशी गायचं नाही, झोपायचं. झोप झालेल्या दिवशी वीस मिनिटं. पण त्याला अजून वेळ आहे, तेव्हा परत लिहीन.

सोबत ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवते आहे, चघळायला, औषध म्हणून नव्हे. सेकंद लिहायला छोटी वहीही आहे, पहिल्या पानावर रकाने आखून दिलेत: तारीख, सा किती टिकला, स, झ, झोप किती. पहिल्या चार रविवारांचे आकडे मला फोटो काढून पाठव. ताईंशी वाराचं बोललीस की कळव.

तुझी,
आई