लिथियमचं लपवू नकोस

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना की इथून पुढे कुठल्याच डॉक्टरला बायपोलरसाठी, म्हणजे तुझ्या मनाच्या आजारासाठी, घेतेस त्या लिथियमच्या गोळीचं सांगणार नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर बोलले असते तर रडले असते आणि मग तूच मला समजावत बसली असतीस, म्हणून लिहितेय.

आधी हे सांगते की तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे. त्या रात्री कॅज्युअल्टीत तुझे हात इतके थरथरत होते की पाण्याचा ग्लाससुद्धा धरवत नव्हता, उलट्या, जुलाब, जीभ जड झालेली, आणि त्या डॉक्टरने तुझ्या गोळ्यांची यादी बघितली, पेन खाली ठेवलं आणि तुझ्याशी बोलणंच बंद केलं. "सायकियाट्रिक पेशंट आहे का ही?" असं मला विचारलं, तेही एवढ्या मोठ्याने की शेजारच्या बेडवरच्या आजी मान वळवून बघायला लागल्या. तू समोर बसलेली, शुद्धीत, सगळं नीट सांगत होतीस की गुडघ्यासाठी पेनकिलर चालू केल्यापासून हे होतंय, पण कोण ऐकतंय! टेन्शन आहे म्हणे, घरी न्या, झोपू द्या. लग्न झालंय का हे विचारायला मात्र त्याला वेळ होता. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मॅडमनी, तुझ्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी, रक्त तपासलं तर लिथियमची लेव्हल वाढलेली. नेहमी ती साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. मॅडमनी समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, लिथियम शरीराबाहेर जातं ते किडनीतून, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी ते जायचं कमी होतं, मग रक्तात साठत जातं, त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की अजूनच वाढतं. म्हणजे तू जे सांगत होतीस तेच खरं होतं गं. निम्मं निदान तूच करून दिलं होतंस, त्याने फक्त ऐकायला हवं होतं.

पण आता नीट विचार कर. हे सगळं सुरू कुठून झालं? हाडांच्या डॉक्टरने पेनकिलर लिहून दिली तिथून. त्याने दुसरं काही चालू आहे का विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस, कारण त्याच्या आधीच्या एका डॉक्टरने बायपोलर ऐकून तोंड वाकडं केलेलं तुला आठवत होतं. यात तुझी चूक नाहीये, माणूस पोळला की हात मागेच घेतो. पण त्यांच्या उद्धटपणाची किंमत तुझ्या किडनीने का मोजायची? तू गप्प बसलीस तर त्यांचं काहीच बिघडत नाही, बिघडतं ते तुझं.

आणि तू काही कोणाकडे मेहेरबानी मागत नाहीयेस. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारात शारीरिक आजारवाल्याच्या बरोबरीनेच वागवायचं. कलम २३ गोपनीयतेचं आहे, म्हणजे भर वॉर्डात ओरडून विचारणं बसतच नाही त्यात. कलम २५ प्रमाणे आपले कागद मागायचा हक्क आहे, आणि २८ मध्ये उपचारात कमी पडले तर तक्रार करायचीही सोय आहे. बाबा त्या हॉस्पिटलला लेखी तक्रार द्यायची म्हणतायत, मी पण त्याच मताची आहे, पण नाव तुझं जाणार म्हणून तू हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. तुला नको असेल तर नको, त्यावरून घरात कोणी काही बोलणार नाही.

सगळे डॉक्टर सारखे नसतात हे तुला वेगळं सांगायला नको. मॅडम तुझ्याशी बोलतात, मला बाहेर बसवतात, गोळीने वजन वाढतंय म्हटल्यावर "मग काय झालं" म्हणाल्या नाहीत, दुसरा पर्याय काय काय आहे ते कागदावर काढून दाखवलं. असं वागणारा डॉक्टर मिळेपर्यंत बदलत राहायचं, त्यात लाज कसली? साडीसाठी आपण दहा दुकानं हिंडतो.

एक कार्ड करून पर्समध्ये ठेव. लिथियमचा डोस, शेवटच्या लेव्हलची तारीख, मॅडमचा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरात "मला विचारल्याशिवाय पेनकिलर देऊ नये". बोलायची ताकद नसेल तेव्हा ते कार्ड पुढे करायचं. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल असं मॅडम म्हणाल्यात. आणि रात्री-अपरात्री खूप अस्वस्थ वाटलं आणि आम्हाला उठवावंसं वाटलं नाही (उठव गं, पण तरी) तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पुढच्या आठवड्यात लेव्हल, थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन अशा रक्ताच्या तपासण्या करायच्यात. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी आधी घेऊ नकोस. मी शुक्रवारच्या एसटीने येतेय, आपण दोघी जाऊ. आत तू एकटीच जा, मी बाहेर थांबते.

तुझी,
आई

ता.क. उन्हाळा वाढलाय, पाणी भरपूर पी. आणि डाएटच्या नावाखाली मीठ एकदम बंद करू नकोस, त्यानेही लेव्हल वाढते.