पिस्तूल ‘अचानक’ सुटत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘पिस्तूल साफ करताना अचानक गोळी सुटली’ ही बातमी आपल्या अंकात वाचली. पहिल्या परिच्छेदात पिस्तूल, दुसऱ्यात रिव्हॉल्व्हर, शेवटी पुन्हा पिस्तूल. पोलीस दलातल्या ३१ वर्षांपैकी २२ वर्षं मी शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, म्हणून राहवलं नाही.

रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढलं की सगळी घरं डोळ्यांसमोर येतात. भरलेलं की रिकामं, लगेच कळतं. पिस्तुलाचं तसं नाही. मॅगझीन (काडतुसांची पेटी) मुठीत असते, पण एक राउंड (काडतूस) वर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, स्लाइडखाली (वरच्या सरकत्या भागाखाली) नजरेआड असू शकतो. मॅगझीन काढून टेबलावर ठेवली की माणसाला वाटतं, झालं रिकामं. घात होतो तो तिथेच.

आमच्या पिढीचा हात ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या ‘नाइन एमएम वन-ए’ पिस्तुलावर बसला. ते ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, मूळ आराखडा १९३५चा. हाय-पॉवरमध्ये मॅगझीन बाहेर असेल तर चाप दाबूनही घोडा पडत नाही, म्हणजे गोळी सुटत नाही. पुढे ग्लॉक हातात आलं. गास्टन ग्लॉक यांचं हे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२च्या सुमारास स्वीकारलं. चौकट पॉलिमरची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) म्हणून हलकं, ‘१७’च्या मॅगझीनमध्ये १७ राउंड. बाहेर घोडा नाही, बाजूला सेफ्टीचा खटका नाही. तीन सेफ्ट्या आहेत, त्यातली एक चापातच : मधोमध एक बारीक पट्टी असते, ती बोटाखाली दबल्याशिवाय चाप मागे येत नाही. हातातून पडलं तरी गोळी सुटू नये, अशी आतली रचना. हत्यार उत्तमच आहे. पण मॅगझीन काढल्यावरही चेंबरमधला राउंड ते उडवतं, आणि साफसफाईला स्लाइड उतरवायची तर आधी चाप ओढावाच लागतो. जुनी सवय आणि नवं हत्यार यांची गाठ इथे पडते.

बंदोबस्तावरून परतलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने, तोही चांगला नेमबाज, रात्री मॅगझीन काढली आणि चाप ओढला. गोळी लोखंडी कपाटाच्या दारातून आत जाऊन रजिस्टरांच्या गठ्ठ्यात रुतली. अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच कपाटापाशी एक पोरगा चहाचे कप घेऊन उभा होता. त्यानंतर मी प्रत्येकाकडून तेच करून घ्यायचो. आधी मॅगझीन काढायची, मग स्लाइड दोन-तीनदा ओढून मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, वर करंगळी घालून चाचपायचं, आणि मगच नळी वाळूच्या बादलीकडे करून चाप ओढायचा. क्रम उलटा झाला, मॅगझीन आत ठेवून स्लाइड ओढली, तर आपणच नवा राउंड चेंबरमध्ये भरतो. वीज गेली की करंगळीचाच आधार.

‘९ एमएम’ हे पिस्तुलाचं नाव असल्यासारखं छापलं जातं, तेही खटकतं. ते काडतुसाचं माप आहे. जर्मनीत गेऑर्ग लूगर यांनी आपल्याच ७.६५ मिलिमीटरच्या, बाटलीसारख्या गळ्याच्या काडतुसावरून १९०२च्या सुमारास ते तयार केलं. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) १९ मिलिमीटर लांब, म्हणून ९ बाय १९. जर्मन नौदलाने १९०४ला घेतलं, लष्कराने १९०८ला, आणि ग्लॉक १७मध्ये आजही तेच चालतं. या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही, खाच आहे. त्या खाचेत एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढणाऱ्या भागाची) नखी अडकते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या हाताने काढेपर्यंत चक्रातच राहतात. त्यामुळे ‘रिव्हॉल्व्हरमधून गोळीबार, जागीच पुंगळ्या सापडल्या’ असं वाचलं की बातमी कुठेतरी चुकली आहे हे आम्हाला कळतं. आपल्याकडे ९ एमएम सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही, त्याला सहसा .३२ बोअरचं हत्यार मिळतं, हेही वार्ताहराने लक्षात ठेवावं.

माझी विनंती एवढीच, की अशा बातमीतून ‘अचानक’ हा शब्द काढावा, आणि चेंबर तपासलं होतं का, हे विचारून त्याचं उत्तर छापावं. ठाण्यातले तरुण शिपाई सकाळी आपलाच अंक वाचतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर, सातारा