टॅबच्या कपाटाचा प्रभार वेळापत्रकात हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांना टॅब मिळाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्या वाचून आनंद होतो. पण ते टॅब शाळेत आल्यावर पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्यांचं काय होतं, यावर फारसं काही छापून येत नाही. मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते आणि शाळेतल्या बारा टॅबचा प्रभार माझ्याकडे आहे. हा प्रभार म्हणजे रोजचं, वेळ खाणारं काम आहे आणि त्याला वेळापत्रकात कुठेच जागा नसते. माझी तक्रार म्हणा, मागणी म्हणा, एवढीच आहे.

प्रत्येक मुलाकडे स्वतःचा टॅब असणं वेगळं आणि अख्ख्या शाळेत मिळून बारा टॅब असणं वेगळं. टॅब मुळात एका माणसाने वापरायचा म्हणून घडवलेला असतो. त्यात एकाचं खातं, एकाचा पासवर्ड, एकाचेच फोटो. तोच टॅब सकाळी तिसरीकडे, मग पाचवीकडे आणि दुपारी सातवीकडे गेला की या सोयीच आडव्या येऊ लागतात.

दुसरीच्या मुलांचं वाचन आम्ही टॅबवर रेकॉर्ड करतो. मूल धडा मोठ्याने वाचतं, मग स्वतःचाच आवाज ऐकतं आणि कुठे अडखळलो ते त्याचं त्याला उमगतं. शिकवण्याची इतकी गुणाची दुसरी रीत मला माहीत नाही. एकदा एका मुलीचं असं रेकॉर्डिंग टॅबमध्ये तसंच राहिलं. जोडाक्षर आलं की ती थांबायची, श्वास घ्यायची आणि शब्द पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. पुढच्या तासाला टॅब मोठ्या वर्गात गेला, कोणीतरी ते उघडलं, सगळ्यांना ऐकवलं. मधल्या सुट्टीत तिची नक्कल मैदानावर चालू होती. त्यानंतर बरेच दिवस ती टॅबसमोर वाचायलाच तयार होईना. मोठ्या मुलांना रागावून हा प्रश्न सुटत नाही. एका वर्गाचं काम दुसऱ्या वर्गाच्या हाती पडू नये, ही व्यवस्था मोठ्यांनीच करायची असते.

यावर तांत्रिक उपाय आहेत. अँड्रॉइड टॅबवर एकापेक्षा जास्त वापरकर्ते ठेवण्याची सोय 2012 पासून आहे. आयपॅड शाळेत वाटून वापरण्याची सोय ॲपलने 2016 मध्ये दिली. पण पहिल्या सोयीत प्रत्येक वापरकर्त्यागणिक टॅबमधली जागा खर्च होते आणि कमी साठवणीचे टॅब रडतखडत चालू लागतात. दुसऱ्या सोयीसाठी सगळे टॅब एका जागेवरून सांभाळणारी वेगळी यंत्रणा आणि शाळेने काढलेली खाती लागतात. बारा टॅबच्या शाळेत ती उभी करणारं माणूस बहुधा नसतं. म्हणून लहान वर्गांसाठी आम्ही साधा मार्ग धरला. मुलांच्या नावाने खातंच नाही. तास संपायच्या आधी पाच मिनिटं शिकवणं थांबतं. ठेवण्यासारखं काम शिक्षकाच्या संगणकावर जातं, बाकीचे फोटो आणि रेकॉर्डिंग पुसलं जातं, उघडी पानं बंद होतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटं काही थोडी नाहीत. तरी ती द्यावीच लागतात, आणि सहकाऱ्यांना ते पटवून देण्यात माझं बरंच बोलणं खर्ची पडलं आहे.

खात्याचा दुसरा घोळ याहून महागात पडतो. ओळखीच्या एका शाळेत टॅब आले तेव्हा एका उत्साही शिक्षकांनी ते स्वतःच्या जीमेल खात्यावर सुरू केले. काम लवकर व्हावं हाच हेतू. पुढे त्यांची बदली झाली. नंतर एक टॅब अडकून बसला म्हणून कोणीतरी बाहेरची बटणं दाबून तो मूळ स्थितीला नेला. सुरू होताच त्याने आधीचं खातं आणि पासवर्ड मागितला. अँड्रॉइड 5.1 पासून असलेलं हे कुलूप चोराला टॅब वापरता येऊ नये म्हणून आहे. आयपॅडवरही 2013 पासून तशीच व्यवस्था आहे. कुलूप चांगलंच आहे, फक्त त्याला चोर आणि बदलून आलेले शिक्षक यांतला फरक कळत नाही. जुन्या शिक्षकांचा फोन नंबर बदलला होता, पासवर्ड त्यांनाही आठवेना. धडधाकट टॅब डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नुसती नोंद म्हणून उरला.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: टॅबचं खातं शाळेच्या नावाचं हवं, पासवर्ड परत मिळवण्यासाठी जोडलेला नंबर शाळेचा हवा, आणि पासवर्ड लिहिलेला कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात हवा. प्रभार देता-घेताना किल्ल्यांसोबत तो कागदही सहीनिशी हातात पडला पाहिजे. टॅब दान देणाऱ्या मंडळींनी तर खोकं उघडण्यापूर्वीच हे विचारावं.

आता चार्जिंग. शाळा सुटली की बारा टॅब एकावर एक रचून, लाकडी कपाटात, रात्रभर चार्जिंगला लावून कुलूप घालायचं, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. टॅबमधल्या लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत, उष्णता आणि सदासर्वदा पूर्ण भरलेलं असणं. बंद कपाटात तिला दोन्ही मिळतात. टॅब उभे ठेवावेत, मध्ये बोटभर जागा सोडावी, चार्जिंग चालू असेपर्यंत दार उघडं असावं आणि शक्यतो माणसं शाळेत असतानाच चार्जिंग व्हावं. दहा-दहा वॅटचे बारा चार्जर म्हणजे एकूण 120 वॅट, हा भार काही मोठा नाही. धोका असतो तो एकाच बोर्डाला जोडलेल्या दुसऱ्या बोर्डाचा आणि सैल झालेल्या पिनांचा. तिथे हात लावून पाहिलं तर गरम लागतं. गरम लागला की तो बोर्ड बदलायचा, उद्यावर ढकलायचं नाही. मोठ्या सुट्टीत टॅब साधारण निम्मे चार्ज करून, बंद करून, गार आणि कोरड्या जागी ठेवावेत. रिकामे ठेवले तर सुट्टीनंतर काही टॅब जागेच होत नाहीत, मग पहिला आठवडा त्यातच जातो.

खरं नुकसान मात्र बॅटरीच्याही आधी चार्जिंगच्या भोकाचं होतं. मुलं वायर धरून टॅब ओढतात. दोन इयत्तांची मुलं कपाटापाशी एकदम आली की हमखास. आमच्याकडे टॅब काढायला आणि ठेवायला प्रत्येक वर्गातली दोनच मुलं जातात, बाकीची जागेवर. पिन धरून सरळ बाहेर काढायची, वायर ओढायची नाही, हे त्यांना मी प्रत्यक्ष हात धरून शिकवलं. आता तीच मुलं नव्या शिक्षकांना शिकवतात.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो आकड्यांचा. प्रत्येक टॅबच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईत क्रमांक, आणि पडदा उघडताच दिसणाऱ्या चित्रावरही तोच क्रमांक. माझ्या वर्गाचा पट 36. हजेरी क्रमांक 1, 13 आणि 25 यांचा टॅब पहिला. 2, 14 आणि 26 यांचा दुसरा. असं वर्षभर ठरलेलं. यामुळे ‘मला तो पाहिजे’ ही ओढाताण संपली. काचेला तडा दिसला की तो कोणत्या तासाला पडला हे नोंदवहीत सापडतं. शिक्षा करायला नव्हे, तडा वाढायच्या आत टॅब बाजूला काढायला. मुलंही आपल्या क्रमांकाचा टॅब जपतात. माझ्या टॅबचा आवाज बारीक येतोय, असं सातव्या टॅबची मुलगी मला वर्गाबाहेर गाठून सांगते.

एका टॅबभोवती तीन मुलं बसवणं मात्र मी सोडलं. एकाचं बोट चालतं, दोघं बघत राहतात, आणि बोट बहुतेक वेळा त्याच मुलाचं असतं. त्यापेक्षा बारा मुलं टॅबवर, बारा वहीत गणितं सोडवतायत, बारा माझ्याभोवती वाचतायत, आणि दहा-दहा मिनिटांनी फेरपालट. या दहा मिनिटांत टॅब खऱ्या अर्थाने एका मुलाचा असतो. तास आखायला जास्त वेळ लागतो, गलबलाही होतो. पण जी मुलगी एरवी फक्त बघत बसली असती, तिच्या वाट्याला पूर्ण दहा मिनिटं येतात.

इंटरनेटचंही तसंच. बारा टॅब एकदम अपडेट घेऊ लागले तर एका जोडणीवर कोणाचंच काही उघडत नाही. आपोआप अपडेट बंद ठेवून शाळा सुटल्यावर दोन-दोन टॅब घ्यावे लागतात. कोलिब्रीसारखी मोफत प्रणालीही उपयोगी आहे: धडे आणि चित्रफिती एका संगणकावर ठेवायच्या, टॅब शाळेतल्याच वायफायवरून त्या उघडतात, बाहेरचं इंटरनेट नसलं तरी अडत नाही. पण तो संगणक भरायला, चालू ठेवायलाही कोणीतरी लागतंच.

हे ‘कोणीतरी’ सगळीकडे एक शिक्षिका किंवा एक शिक्षक असतो, आणि हे काम तो शाळा सुटल्यावर, स्वतःच्या वर्गाच्या वह्या बाजूला ठेवून करतो. त्याची आवड किंवा तब्येत ढासळली की टॅब कपाटात जातात. प्रयोगशाळेला, ग्रंथालयाला प्रभारी असतो, त्याची कामं ठरलेली असतात. तेच टॅबलाही लागू व्हायला हवं. बारा-पंधरा टॅबसाठी आठवड्याला दोन तासिका पुरतात. अपडेट, सफाई, नोंदवही, बिघडलेल्याची दुरुस्ती, नव्या शिक्षकांना शिकवणं, सगळं त्यात बसतं. त्या दोन तासिका त्याच्या वर्गावर कोण जाणार, हेही वेळापत्रकात छापलेलं असावं, तोंडी नको. देणगीदारांना विनंती आहे की बारा टॅब देण्याऐवजी दहा द्या, आणि उरलेल्या रकमेत जास्तीच्या वायरी, जाड कव्हरं, मांडणी आणि पुढच्या दोन वर्षांची दुरुस्ती बसवा. मला निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून दहाच घेईन.

नव्या वर्षाची वेळापत्रकं सुट्टीतच आखली जातात. मुख्याध्यापकांनी आणि शाळा चालवणाऱ्यांनी त्या दोन तासिका तेव्हाच धराव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आत्ताच लिहिलं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका