फोनवर न सांगितलेली फुकेतची सहल

पुणे,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा रात्री सुखरूप पोचलो. फोनवर मी "एकदम झकास झाली ट्रिप" म्हणालो, ते खोटं होतं. आई फोन स्पीकरवर टाकते आणि समोर शेजारच्या काकू शेंगा सोलत बसलेल्या असतात. साऱ्या गल्लीत "पोरगं थायलंडला गेलंय" झालेलं, त्यात पाच दिवसांत समुद्रात गुडघाही भिजला नाही हे कसं सांगू? म्हणून पत्र.

बाबा, तुमचं बरोबर होतं. तुम्ही नकाशावर बोट ठेवून म्हणाला होतात, "हा पश्चिम किनारा आहे. नैर्ऋत्येचा वारा सरळ अंगावर येतो. ऑक्टोबर संपल्याशिवाय जाऊ नकोस." मी म्हणालो, "बाबा, एजंट म्हणतोय एक-दोन सरी येतात, मग लख्ख ऊन." तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या मास्तरांचा मुलगा, आणि विश्वास ठेवला कोणावर, तर पॅकेज विकणाऱ्यावर. मे ते ऑक्टोबर तिथला पावसाळा, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. पॅकेज अर्ध्या किमतीत का होतं ते तिथं उतरल्यावर कळलं.

आम्ही ज्या किनाऱ्यावर होतो त्याचं नाव काटा. मी पाटी वाचली तेव्हाच सूनबाई म्हणाली, "घ्या, नावातच आहे." वाळूत ओळीनं लाल झेंडे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, कारण परतणारी लाट माणसाला आत ओढून नेते. कोणी पुढं गेलं की जीवरक्षक शिट्टी फुंकायचा. समुद्र आपल्या सोलापूरच्या हिप्परगा तलावात पावसाळ्यात येतं तसल्या पाण्याच्या रंगाचा, आणि वाळूवर वाहून आलेल्या बाटल्या, चपला, दोरखंडाचे तुकडे. जाहिरातीतलं निळं पाणी मी शेवटपर्यंत शोधत होतो.

चिमीनं नवी पेठेतून घेतलेली ती बदकाची रिंग आठवते? पहिल्या दिवशी मी तोंडानं फुगवून दिली, गालफडं दुखेस्तोवर. पोरगी ती कमरेत घालून हॉटेलच्या व्हरांड्यात बसून राहिली. पाऊस जरा थांबला की उठायची, पुन्हा आला की बसायची. तिसऱ्या दिवशी तिनंच मला सांगितलं, "बाबा, हवा काढा, बदक दमलं."

खोलीचं तर विचारू नका. "समुद्र दिसणारी खोली" म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते. समुद्र दिसायचा, पण बाथरूमच्या स्टुलावर उभं राहून, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून, साधारण टॉवेलाएवढा. एसीचं बटण बिघडलेलं, रात्रभर गारठा. आणि आई, ऐक. तू बॅगेत जबरदस्तीनं कोंबलेली ती मोराची चादर, जिच्यावरून मी तुझ्याशी भांडलो होतो की परदेशात कोणी सोलापुरी चादर नेतं का, तीच पाच रात्री आम्ही तिघांनी ओढाओढ करत पांघरली. खोली झाडायला येणाऱ्या बाईंनी तिचा कोपरा चिमटीत धरला, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटून पाहिलं. दोन्ही बाजूंनी मोर आहे, फक्त रंगांची अदलाबदल झालीय, हे त्यांच्या लक्षात आलं. भाषा येईना, म्हणून मी हातानंच माग चालवून दाखवला. त्या खूप हसल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दोन टॉवेल जास्त मिळायला लागले.

खरं सांगू, पावसाला शिव्या घालताना मला जरा लाजच वाटायची. आपल्याकडे वर्षभरात पडून पडून साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, तिथं दोन हजारांच्या वर. नळाला चार दिवसांनी पाणी येणार म्हणून घागरी, पातेली, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवणाऱ्या घरात वाढलेला माणूस मी, आणि पाऊस थांबावा म्हणून हात जोडतोय!

चौथ्या दिवशी आम्ही समुद्राचा नाद सोडला आणि फुकेतच्या जुन्या शहरात गेलो. पैसे वसूल झाले असं वाटलं ते इथंच. जुनी दुमजली घरं, खाली दुकान, वर राहायला. प्रत्येक घराच्या पुढच्या बाजूला कमानींचा ओटा, आणि एका घराचा ओटा पुढच्या घराला जोडलेला, त्यामुळे रस्ताभर पाऊस कोसळत असताना आम्ही बऱ्यापैकी कोरडे फिरलो. हे शहर कथलाच्या खाणींवर श्रीमंत झालं. चीनमधून मजूर आले, व्यापारी आले, त्यांनी ही घरं बांधली. आई, कथील म्हणजे आपल्या बोळात भाता घेऊन बसणारा कल्हईवाला पितळी पातेल्यात फिरवायचा तेच. मी चिमीला ते समजावत होतो, पण तिनं कल्हईच पाहिलेली नाही, मग काय समजणार.

आणि आता तुझ्यासाठीची खास बातमी. घरात घट बसलेले असताना मोठा मुलगा समुद्रावर मजा मारायला चाललाय म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तर तिथंही नवरात्रच निघालं! तिथल्या चिनी लोकांचा नऊ देवांचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, आणि यंदा तो नेमका आपल्या घटांबरोबर आला. जिकडे तिकडे पिवळे झेंडे, त्यावर लाल अक्षर. तो झेंडा लागलेल्या गाडीवर मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणसुद्धा नाही. मी आधी विश्वास ठेवला नाही, दोनदा विचारलं. अळकुडीची भजी, टोफू घातलेल्या शेवया, वाफवलेले गोड पाव. तुझ्या सूनबाईचा नवरात्राचा नेम परदेशात मोडला नाही, हे काकूंना स्पीकरवर खुशाल सांग.

माणसं पांढऱ्या कपड्यांत होती, झाडून सगळी. मिरवणूक आली तेव्हा मला एकदम आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राच दिसली, नंदीध्वज पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक. "हर्र बोला हर्र" तेवढं कमी होतं. फटाके मात्र असे की होम मैदानावरचं दारूकाम त्यापुढं सभ्य वाटावं. काही भक्त अंगात आल्यावर गालांतून सळया आरपार घालून चालतात. पोतराज बघत लहानाचा मोठा झालेला मी, पण मान फिरवली. चिमीचे डोळे सूनबाईनं आधीच ओढणीनं झाकले होते. उत्सवाची सुरुवात कथू नावाच्या खाणीच्या गावात झाली म्हणतात. तिथं आलेली चिनी नाटक मंडळी आजारी पडली आणि देवाचं व्रत केल्यावर बरी झाली, अशी गोष्ट सांगतात.

शेवटच्या संध्याकाळी तासभर ऊन पडलं. तुम्हाला पाठवलेले सगळे फोटो त्या एका तासातले आहेत. चिमीचे कपडे बदलून बदलून काढले.

चार दिवसांनी कोजागरी. मी त्याआधीच सोलापूरला येतोय, यंदाही तुळजापूरला चालत जायचंय. सूनबाई आणि चिमी तुमच्याजवळ राहतील. चादर धुऊन वाळवलीय, सोबत आणतो. बदकाची रिंगही आणतोय, कारण चिमीला पोहायचंय म्हणजे पोहायचंय. बाबा, तुमच्या मित्राच्या मळ्यातली विहीर या पावसानं भरली असेल तर तिला तिथं घेऊन जा. मला शिकवलंत तसं पाठीला डबा बांधून शिकवा, चालेल. फक्त मला ढकललंत तसं तिला ढकलू नका. आणि गुडघ्याचा पट्टा न विसरता लावत जा.

तुमचा,
बाळ