खोकल्याच्या औषधाचं टोपण

पाचपाखाडी, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय सुध्या,

तीन वर्षांनी लिहितोय. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलतो, म्हणून पत्र. तब्येत ठीक. बीपीची गोळी वाढवलीय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. नीला बरी आहे.

बापूच्या तेराव्याला तू आलास आणि मी तुझ्याशी धड बोललो नाही. त्या रात्री घरी येऊन नेहमीसारखा ग्लास काढला. मुक्ता समोर खोकत बसली होती. म्हणाली, "बाबा, नेहमीचा पेग ओता, पाणी घालू नका." मी ओतला. तिने कफ सिरपचं दहा मिलीचं टोपण आणलं आणि ग्लासातली व्हिस्की टोपणाटोपणाने वाटीत काढायला लागली. पेग साठ मिलीचा, म्हणून मी सहा टोपणं धरून बसलो होतो. सात झाली, आठ झाली. नववं काठोकाठ भरलं तेव्हा ग्लास रिकामा झाला. पोरगी काही बोलली नाही. टोपण धुतलं, पालथं घातलं आणि झोपायला गेली.

रोजचे दोन पेग, नव्वद दुणे एकशे ऐंशी. सुध्या, म्हणजे क्वार्टर! कोपरीच्या रिक्षा स्टँडवरचा पांडू आठवतो ना? रोज क्वार्टर मारतो म्हणून आपण त्याला बेवडा म्हणायचो, आणि आपण 'लिमिटमधले'. मी तेवढीच घेत होतो रे, फक्त काचेच्या ग्लासात, बर्फ घालून. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशेबाने ६० मिलीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. माझ्या दोनांत ६० ग्रॅम, रोज. साडेसातशेची बाटली आठवडाभर जायला हवी होती. ती पाचव्या दिवशी संपायची आणि मी म्हणायचो, पाहुणे फार येतात.

बापू आठवतो. चखण्यातले शेंगदाणे मोजून बारा खायचा, "तेल असतं रे" म्हणून. तेराव्या शेंगदाण्यावरून तू त्याला तलावपाळीवर पळवला होतास! त्याने जन्मात तंबाखूला हात लावला नाही, कधी तोल गेला नाही, कधी खाडा केला नाही. आणि अन्ननलिकेचा कॅन्सर. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, दारूमुळेच का? ते म्हणाले, एका माणसाबाबत असं बोट ठेवून सांगता येत नाही, पण धोका वाढतो हे नक्की. पोटात गेलेल्या अल्कोहोलचं शरीर अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांत स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच दारूला कॅन्सरकारक ठरवलं होतं. १९८८! तेव्हा आपण कॉलेजात होतो, पहिला घोटही घेतला नव्हता.

आता निनादच्या साखरपुड्याचं. तू सोडल्याचं सांगितलंस आणि मी चारचौघांत म्हणालो, "वहिनींना घाबरलास." वर ते कात्रण काढलं, रोज थोडी घेणाऱ्यांचं हृदय न घेणाऱ्यांपेक्षा चांगलं असतं म्हणून. तू जेवण अर्धं टाकून उठलास. ते कात्रण मी परवा फाडलं. त्या जुन्या अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे पिणं सोडलेले लोकही धरलेले असायचे. ते आधीच खंगलेले, त्यामुळे त्यांच्या शेजारी थोडी पिणारा धडधाकट दिसणारच. जानेवारी २०२३ मध्ये आरोग्य संघटनेने स्वच्छ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. जितकी कमी तितका धोका कमी, एवढंच. आणि माझं बीपी? चार वर्षं मी मीठ कमी करत होतो, पापड बंद केले, नीलाशी लोणच्यावरून भांडलो. संध्याकाळच्या ग्लासाने बीपी चढतं हे एकदाही मनात आलं नाही. डॉक्टरांनी कधी विचारलंच तर "ऑकेजनली" सांगायचो.

या खेपेला खरं सांगितलं. त्यांनी आधी हात पुढे करायला लावले. सकाळी थरथरतात का, घाम येतो का विचारलं. रोज पिणाऱ्याने एकदम तोडली तर काहींना झटकेही येतात म्हणे, म्हणून ते सांगतील तसंच सोडायचं. थरथर नव्हती. आज अकरावा दिवस.

सुध्या, त्या दिवशी मी बोललो ते वाईट बोललो. तुला तेव्हा मित्र हवा होता आणि मी चारचौघांना हसवलं. बापूनेही मला नंतर झापलं होतं, तुला सांगितलं नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? निनादला बाळ झाल्याचं कळलं, अभिनंदन. शनिवारी तपोवनने नाशिकला येतोय, स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा करीन. रात्री मुक्कामाला आहे.

दिवस जातो रे. संध्याकाळचे सात वाजले की हात कपाटाकडे वळतो आणि घरभर फिरत राहतो. नीला नुसती बघते. पहिल्या महिन्यात तू सात ते नऊ काय करायचास, तेवढं मला सांग.

तुझा,
अव्या